विमानातला अबोला

आमच्या दोघांत बोलणं बंद होतं, म्हणून विमानाची सगळी ऐट मला नीट बघता आली. बोलणं चालू असतं तर मालकांनी वाटभर हे काय अन् ते काय विचारून माझं डोकं खाल्लं असतं.

बोलणं बंद झालं ते दसऱ्यानंतर. आमचा मुलगा अमेरिकेत असतो, एकुलता एक. सून बाळंत झाली, मुलगी झाली, तेव्हा त्याचा फोन आला. तुम्ही दोघं या आणि आता इथंच राहा, गावात दोघंच म्हातारी माणसं कशाला राहता, असं तो म्हणाला. मालक म्हणाले, "बरं." मी रानात कापूस वेचत होते. मला कुणी विचारलं नाही. कापसाचं गाठोडं डोक्यावरून उतरवायच्या आत मालकांनी सांगून टाकलं, "आपल्याला जायचं हाय. कायमचं." जसं काही झरीच्या बाजाराला जायचं आहे.

तेव्हा मी नुसती भांडले. अबोला धरला तो म्हशीमुळं. मी दोन दिवस मानवतला बहिणीकडं गेले होते. परत आले तर गोठ्यात खुंटा आणि दावं, म्हैस नाही. ती म्हैस माझी होती. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर पान्हा चोरायची. मी मालकांकडं बघितलं तर म्हणाले, "आपन गेल्यावर धार कोन काढनार? इकली." त्या दिवसापासून मी तोंड मिटलं.

आमच्याकडं अबोला म्हणजे मुकं होणं नव्हे. घर तर चालवायचं असतं. फक्त त्या माणसाशी बोलायचं नाही. जे बोलायचं ते तिसऱ्याला बोलायचं, आणि ज्याच्यासाठी आहे त्यानं ऐकायचं. धाकटी जाऊ शेजारीच राहते, मधे एकच भिंत. मी चुलीपुढून हाक मारायची, "जाऊबाई, भाकरी झाल्यात म्हनावं." ओसरीवरून मालक म्हणायचे, "पोरी, वाढ म्हनावं तिला." जाऊ बिचारी तिकडं आपल्या भाकरी थापत असायची, तिनं नुसतं हूं म्हटलं तरी चालायचं. जाऊ घरी नसली तर मी रांजणाला सांगायची. माझ्या चुलत सासू-सासऱ्यांनी तर अशा अबोल्यात दोन पोरींची लग्नं लावली, आणि मानपानात कुठं कमी पडू दिलं नाही. नियम एकच. जो आधी तोंड उघडील तो हरला.

नातीला बघायला मी जाणारच होते, त्यात वाद नव्हता. पण ज्वारी काढायच्या आत घरी यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. जाऊच्या तोंडून तसं विचारूनही घेतलं. उत्तर आलं, "बगू म्हन." ह्यावरून काय समजायचं? मग निघायच्या दिवशी मी देवाला हात जोडायला गेले तर देव्हारा रिकामा. आमचे देव म्हणजे चांदीचे टाक, खंडोबा, भवानी आणि घरातले वाडवडील. चार दिवस गावाला जाताना ते कुणी बरोबर नेत नाही, भावकीत कुणाच्या तरी देव्हाऱ्यात पूजेला ठेवतात. घर उठवलं तरच देव उठतात. मालक आदल्या दिवशी पिंगळीला थोरल्या दिराकडं जाऊन आले होते. देव तिथं ठेवले असतील तर आम्ही परत येणार होतो. पण मालकांच्या काखेतल्या पिशवीत असतील तर आमचं घर उठलं होतं. पिशवीला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला.

परभणीहून आगगाडीनं हैदराबाद. तिथून एका विमानानं आखाती देशात. ते विमान एस्टीसारखंच होतं, नुसती एस्टी बरी म्हणायची, कारण तिची खिडकी उघडते. तिथून पुढं अमेरिकेचं मोठं विमान. मुलगा कामासाठी सारखा विमानानं हिंडतो. जो जास्त हिंडेल त्याच्या नावावर विमानवाले काहीतरी साठवत जातात. ते सगळं साठलेलं त्यानं आमच्या दोघांच्या तिकिटावर घातलं आणि आम्हाला एकदम पुढं, जिथं शेठ लोक बसतात तिथं बसवलं.

विमान दुमजली होतं आणि नवं कोरं. नव्या ट्रॅक्टरवर बसल्यावर येतो तसा वास येत होता. मला वाटलं होतं खुर्च्या जरा मोठ्या असतील. तिथं खुर्च्या कुठल्या, खोल्याच होत्या. प्रत्येकाला एक खोली, तिला सरकतं दार. आत झोपता येईल एवढी खुर्ची, पुढं भिंतीएवढा टीव्ही, बाजूला आरसा. आरशाचं झाकण उघडलं की चोहीकडून दिवे लागायचे आणि आपलं तोंड आहे त्याहून वाईट दिसायचं. एक छोटं कपाट होतं, कळ दाबली की त्यातून सरबताच्या बाटल्या आपोआप वर यायच्या. मी दाबली. बाटल्या वर आल्या. परत दाबली, खाली गेल्या. कुणाला तरी हे सुचलं असेल, त्याला त्याचा पगारही मिळत असेल.

आमच्या खोल्या विमानाच्या मधोमध होत्या, एकमेकींना लागून. तिथं खिडकी असायचं कारण नाही, तरी भिंतीत खिडकी होती. बाहेर ढग, ऊन, पंखाचं टोक सगळं दिसायचं. मी हात लावून बघितला तर तोही टीव्हीच. बाहेरचं चित्र आत दाखवत होते. म्हणजे खरी खिडकी देता येत नाही म्हणून खोटी खिडकी, आणि त्या खोट्या खिडकीलाही ओढायला पडदा. मालकांनी तो पडदा ओढून बघितला आणि मान डोलावली. त्यांना असलं काही पटकन पटतं.

आम्हा दोघांच्या खोल्यांच्या मधे एक पडदी होती, लाकडासारखी, कळ दाबली की खाली जाणारी. आमची सरबराई करायला एक मुलगी होती. डोक्यावर टोपी, ओठांना लाली, पायात उंच टाचा. मला वाटलं, आता हिच्याशी खाणाखुणा कराव्या लागणार. पण ती निघाली हैदराबादची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तिकडची बोली घरच्यासारखीच.

"अम्मा, बीच का परदा नीचे करूँ क्या? बाबा से बातां कर सकते."

"नक्को," मी म्हणाले. "और ऊपर होता क्या?"

ती हसली. तिला वाटलं म्हातारी गमती आहे.

थोड्या वेळानं पडदीवरून मालकांचा खोकला ऐकू आला. विमानात गारठा फार. मी मुलीला बोलावलं. "बेटी, उनकू बोलो, कान को मफलर बाँधो."

"अम्मा, बाबा तो बाजूच बैठे."

"मालूम है."

"आपकी आवाज उनकू जाती."

"वो भी मालूम है. तू बोल."

ती दोन पावलं तिकडं गेली आणि तिनं सांगितलं. मालकांनी मफलर बांधला आणि तिला म्हणाले, "उनकू बोलो, बांध्या." ती दोन पावलं इकडं आली. "अम्मा, बाबा ने बाँध लिया." तिच्या तोंडावरून मी ओळखलं की तिला सगळं कळलं. हैदराबादलाही नवरा-बायको असतातच की.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की जाऊ नाही तर नाही, ही आहे. मी म्हणाले, "उनसे पूछो, देव कहाँ हैं?"

ती गेली, विचारलं, परत आली. "अम्मा, बाबा बोलरे, देव सब जगह हैं."

असा माणूस. आयुष्यात कधी कीर्तनाला पूर्ण बसला नाही आणि इथं मला ज्ञान देत होता. मी म्हणाले, "उनकू बोलो, पिशवी खोलो." ती गेली नाही. हात जोडून म्हणाली, "अम्मा, मैं चाय-कॉफी देनेवाली हूँ, वकील नहीं हूँ." आणि हसत हसत पलीकडच्या शेठकडं निघून गेली.

मालकांचा तिथं दुसरा एक घोटाळा चालू होता. ते उपाशी होते. अंघोळ झाल्याशिवाय मालक तोंडात घास घालत नाहीत. लग्नघरी नाही, मयतीच्या घरी नाही, दवाखान्यात सलाईन लावलेली होती तेव्हाही नाही. डॉक्टर ओरडला तरी नाही. आता घर सोडल्यापासून आगगाडी, विमानतळ, विमान, पुन्हा विमानतळ. अंघोळ कुठं करणार? चहावर चालवलं होतं. ते सुकत चालले होते आणि मला ते दिसत होतं. पण मी काही बोलणार नव्हते. म्हैस विकताना त्यांनी विचारलं होतं का?

मी मात्र जेवले. पांढरी शुभ्र चादर अंथरून, चिनी मातीच्या ताटल्यांत, एकेक करून वाढतात. पहिल्यांदा बर्फावर ठेवलेल्या वाटीत काळे काळे दाणे आले, बरोबर शिंपल्याचा चमचा. मला वाटलं कारळं. एवढं कारळं बर्फात कशाला ठेवलं म्हणून मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, माशाची अंडी आहेत, लय महाग असतात. मी वाटी परत दिली. मी मटण खाते, मासे खाते, पण जन्माला आला नाही त्याला खायची मला घाई नाही. मी माझी पिशवी उघडून धपाटे काढले आणि त्या चिनी ताटलीत शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ले. एक मुलीला दिलं. तिनं आडोशाला उभं राहून खाल्लं आणि बोटं चाटली. धपाट्याचा वास पडदीवरून पलीकडं गेलाच असणार. तिकडं खुर्ची कुरकुरली.

त्या खुर्चीला अंग चेपायची सोय होती. मालकांनी कुठली तरी कळ दाबली असणार. एकदम "अयायाया" असा आवाज आला आणि मालक उभेच राहिले. डोकं पडदीच्या वर. पाठीमागं बघत होते, खुर्चीत जनावर शिरलं की काय म्हणून. आमची नजरानजर झाली. मी टीव्ही बघायला लागले. टीव्हीवर नुसता नकाशा होता, पण तोच बघितला. मुलीनं येऊन समजावलं की बाबा, ती मशीन पाठ चेपते. मालक बसले. थोड्या वेळानं तिकडून समाधानाचा सुस्कारा आला. म्हणजे चेपून घेत होते.

मग विमानवाल्यांनी दिवे घालवले आणि छतावर चांदण्या लावल्या. खोट्या खिडकीत लख्ख ऊन, कारण विमान सूर्याच्या मागं मागंच पळत होतं, आणि वर चांदणं. गादी अंथरून दिली, घालायला मऊ कपडे दिले. मी माझ्या लुगड्यातच पडले. झोप काही आली नाही. रानात हुरडा धरायला आला होता. ह्या वर्षी पीक चांगलं होतं. धाकटा दीर म्हणाला होता, मी बघतो वहिनी. तो बघेल, पण त्याच्या बघण्यात आणि माझ्या बघण्यात फरक आहे. आणि तिकडं जाऊन मी करणार काय? सुनेच्या घरात दारं लावून बसायचं, पोरगं कामावरून आलं की त्याचं तोंड बघायचं. नात मोठी होईल, शाळेत जाईल, इंग्रजी बोलेल. बरं होईल तिचं. पण त्यात माझं काय काम?

सगळे उठल्यावर मुलगी मालकांना म्हणाली, "बाबा, नहाना है क्या? गरम पानी है."

मालक ताडकन उठले. विमानात अंघोळ! मला वाटलं ती थट्टा करते. पण खरंच पुढं अंघोळीची खोली होती. मला तिनं आधी दाखवली. आमच्या गावात एवढं चकचकीत मंदिर नाही. संगमरवरासारखी फरशी, पायाखाली ऊब, मोठमोठे टॉवेल, अत्तराच्या बाटल्या. काचेच्या कपाटात उभं राहायचं आणि वरून पाणी. मात्र पाणी थोडंच. भिंतीवर एक पट्टा होता, पाणी खर्च होईल तसा तो हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो, मग पाणी बंद. तिनं मालकांना ते सगळं सावकाश सांगितलं. मालक "हौ हौ" म्हणत होते. मी त्यांना ओळखते. ते हौ हौ म्हणतात तेव्हा काही ऐकत नसतात. पिशवी खोलीत ठेवून, धोतर-बनियनवर, आपला लाल साबण हातात घेऊन ते आत गेले.

बराच वेळ झाला. मुलगी अस्वस्थ झाली. तिनं दारावर टकटक केलं, "बाबा, ठीक है ना?" आतून काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. ती माझ्याकडं आली. तोंड उतरलेलं.

"अम्मा, बाबा बात नहीं कररे."

"वो दसरे से नहीं कररे," मी म्हणाले. पण उठले. माणूस म्हातारा, वर पोट रिकामं. दारापाशी गेले आणि नुसती बांगड्या वाजवून उभी राहिले.

आतून बारीक आवाज आला. "अगं ए."

मी गप्प.

"अगं ए, ऐकायलीस का?"

मी मुलीकडं बघितलं. साक्षीला कुणीतरी हवंच होतं. मालक हरले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"पानी गेलं."

"मग या की भाईर."

"कसा येऊ? सगळ्या अंगाला साबन हाय. त्या पोरीला काय सांगू? जरा आक्कल लाव."

"एवढ्या पान्याचं केलं काय?"

"धोतर धुतलं."

मला सगळं कळलं. आमच्याकडं गडी माणूस अंघोळीला बसला की आधी अंगावरचं धोतर आपटून, पिळून बाजूला ठेवतो, बनियन ठेवतो, मग निवांत अंगाला साबण चोळतो. जन्मभर विहिरीवर हेच केलं. तिथंही तेच केलं. ढगांच्या वर, संगमरवरावर, अमेरिकेला जाणाऱ्या विमानात मालकांनी सगळ्या पाण्यात धोतर धुतलं, दोनदा खळबळलं, पिळलं, मग डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि पट्टा लाल झाला. बेसिनच्या नळाखाली टक्कल घालून बघितलं म्हणे. तो नळ चिमणीनं पाणी पाजावं तसा. साबण डोळ्यात गेला तेवढंच.

मी मुलीला सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला, खांदे हलत होते. मग म्हणाली, अंघोळीच्या नळाला आता पाणी सोडता येणार नाही, ज्याच्या त्याच्या वाट्याचंच असतं. पण चहाच्या किटलीत कोमट पाणी देते. दोन मोठ्या स्टीलच्या किटल्या घेऊन आली. मी त्या हातात धरल्या आणि दाराला तोंड लावलं.

"पानी आनलंय. आदी सांगा, देव कुठंयत?"

"डोळे चुरचुरायलेत अन् तू देव काय इचारायलीस!"

"कुठंयत?"

"पिशवीत," आतून आलं.

मला वाटलंच होतं. "म्हंजी घर उठवलं तुमी. मला न इचारता."

"पोरगं म्हनलं म्हनून. तिथं पोरगं हाय, दवाखाना जवळ हाय. गावात आपन एकटेच."

"एकटे कसे? दोघं हाव की."

"तू कुठं बोलतीस?"

"म्हैस इकायच्या आदी बोलत हुते."

"तवा भांडत हुतीस."

"मग भांडन म्हंजी काय गानं असतंय का? बोलनंच की ते."

आतून अंग खाजवल्याचा आवाज आला. साबण वाळला की अंग ओढतं, मला माहीत आहे.

"ऐका," मी म्हणाले. "ज्वारी काढायच्या आत मी माझ्या घरी. तुमाला ऱ्हायचं तर ऱ्हावा. देव मी नेनार."

"देव नेल्यावर मी तिथं काय करू?"

"ते मला काय म्हाईत. सून भाकरी करत न्हाई, एवढं म्हाईत हाय. डब्यातलं खावा."

"अगं पानी तरी घाल."

"परत यायचं का न्हाई?"

"येऊ."

"अन् म्हैस?"

"म्हैस आता कुठनं आनू? ती इकली."

"दुसरी आना. किटली गार व्हायलीय."

"आनू, आनू. तुझ्या मनासारखी आनू. पर पोराला तू सांग. मला त्याला न्हाई म्हनवत न्हाई."

"मी न्हाई सांगनार. तुमी हो म्हनलात, तुमीच न्हाई म्हना. भूल करा कबूल, न्हाई तर बसा तसंच."

शेजारी ती मुलगी उभी होती. आमची बोली तिला किती कळली कोण जाणे, पण ती माझ्या हातातल्या किटल्यांकडं बघत म्हणाली, "अम्मा, अब डाल दो. बाबा को सर्दी होजाती."

मालक म्हणाले, "कबूल. सगळं कबूल."

मी आत गेले. टॉवेल गुंडाळून फरशीवर उकिडवे बसले होते, पांढरे फटक, डोळे मिटलेले. मी एका हातानं किटली धरून डोक्यावर पाणी सोडलं. ते किटलीचं तोंड बारीक. दोन किटल्या पुरल्या नाहीत, आणखी दोन आणायला लावल्या. पलीकडचा एक शेठ मऊ पायजमा घालून अंघोळीची वाट बघत उभा होता. त्यानं चहाच्या किटल्या आत जाताना बघितल्या. त्याला काय वाटलं असेल ते असो.

पुढं धोतराचा प्रश्न. पिळून घेतलं तरी ओलं ते ओलंच. मी आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या पडदीवर ते लांबलचक वाळत घातलं. बनियन आरशाच्या झाकणावर. मुलगी म्हणाली, अम्मा, असं करता येत नाही. मग इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाली, जरा तरी आत सरकवा. पेटीतलं दुसरं धोतर विमानाच्या पोटात असल्यानं मालकांना तिथले मऊ कपडे घालावे लागले. करड्या रंगाचा पायजमा, वर तसाच सदरा, आणि त्याच्यावर टोपी. जेलमधून सुटून आल्यासारखे दिसत होते. मी तसं त्यांना सांगितलंही. बोलणं सुरू झालं होतं, मग कशाला दाबून ठेवायचं?

मग त्यांनी करदोट्याची किल्ली काढून पिशवी उघडली. तांबड्या कापडात देव होते. आरशापुढच्या फळीवर दिव्यांच्या उजेडात मांडले, हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले. सरबताच्या बाटल्यांची कळ चुकून दाबली गेली, त्या देवांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी ताट घेऊन आली ती थबकली.

"ये कौन हैं अम्मा?"

"हमारे देव. इनका टिकट नहीं निकाल्या."

मालक जेवायला बसले. डाळभात संपवला, पाव संपवले, लोण्याच्या वड्या चाटूनपुसून संपवल्या, माझे उरलेले धपाटे संपवले. एवढं झाल्यावर म्हणाले, "मिठाला जरा कमीच हुतं." मी म्हणाले, "मग खाल्लं कशाला?" ते म्हणाले, "तू वाढलंस म्हनून." मी म्हणाले, "मी कुठं वाढलं, त्या पोरीनं वाढलं." असं उतरेपर्यंत चाललं. म्हैस कुठल्या बाजारातून आणायची, पहिल्या वेताची की दुसऱ्या, ह्यावरून चांगलीच जुंपली. पुढच्या खोलीतला माणूस दोनदा दार उघडून बघून गेला.

पण उतरताना मालक गप्प झाले. पासपोर्टच्या रांगेत गप्प, पेट्या घेताना गप्प. मी आठवण करून दिली नाही. साबणात दिलेला शब्द कोरडं झाल्यावर टिकतो का, हे मला बघायचं होतं. मुलासमोर त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला त्याच्या लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच पायी तो अमेरिकेला गेला.

मुलगा बाहेर उभा होता. पाया पडला. जाडा झाला होता. पेट्यांचा गाडा त्यानं घेतला आणि चालायला लागला. "आबा, खालची खोली तुमच्यासाठी तयार केलीय. नवा पलंग आणलाय. देवघरासाठी कोपरा ठेवलाय," असं एकेक सांगत होता. खुशीत होता. मालक मान हलवत होते, हौ हौ म्हणत होते. मी मागून चालत होते. मला वाटलं, गेलं. गेलं माझं घर.

दाराशी मालक थांबले. टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, परत घातली.

"ज्वारी काढायला परत जायचं हाय आमाला," ते म्हणाले.

मुलानं गाडा थांबवला. "परत? आबा, कायमचं यायला तर तुम्हीच हो म्हणाला होतात."

"म्हनलो हुतो. आता न्हाई म्हनायलोय."

मुलगा त्यांच्याकडं बघत राहिला. मग सावकाश माझ्याकडं वळला. "आई, तूच काहीतरी बोललीस ह्यांना."

"मी?" मी म्हणाले. "मी तर दसऱ्यापासून ह्यांच्याशी बोलतच न्हाई. इचार की त्यांनाच."

मालकांनी गाड्याचा दांडा हातात घेतला.

"न्हाई बोलत," ते म्हणाले. "खरं हाय."